उकिडवं बसल्यावर मुका होणारा अलार्म

ही हकिगत मी बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. इंजिनिअरिंग कॉलेजांत सांगितली, कंपनीच्या वर्धापनदिनाला सांगितली, माझ्या निरोप समारंभातही सांगितली. दर वेळी अर्धीच सांगितली. उरलेली अर्धी सांगायचं पस्तीस वर्षं टाळत आलो. आता वय झालं, आणि ती ऐकून ज्यांना राग येईल असे लोकही फारसे उरलेले नाहीत. म्हणून लिहून टाकतो. सुरुवात मी जिला नेहमी गाळायचो त्या बाईपासूनच करतो.

"साहेब, जरा खाली बसा बघू," सावंतबाई म्हणाल्या.

"खाली? कुठे?"

"इथेच. लादीवर. मांडी घालून नको, उकिडवे बसा. टाकीत उतरलेला माणूस बसेल ना, तसे."

माझ्या कमरेच्या पट्ट्याला आमचं नवं यंत्र अडकवलेलं होतं. साबणाच्या मोठ्या डबीएवढं. मी इस्त्रीच्या पँटीत, टाय लावलेला. असेंब्लीच्या बेंचवरच्या बायका काम थांबवून बघत होत्या. एक जण म्हणाली, "साहेब, सांभाळून हां, पँट उसवेल!" सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि बसलो.

"आता यंत्राकडे बघा. तो ठिपका बघा."

मी मान वाकवून बघितलं. यंत्राच्या काचेवर हवेतल्या विषारी वायूचं प्रमाण दाखवणारा आकडा असायचा. आत्ता तिथे शून्य शून्य होतं. आकड्याच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका होता. यंत्र चालू असलं की तो दर सेकंदाला लुकलुकायचा.

ठिपका लुकलुकत नव्हता.

सावंतबाईंनी टेस्टिंगची बाटली आणली. तिच्यात सडक्या अंड्याच्या वासाचा वायू थोडासा तयार करून ठेवलेला असे. बूच काढून त्यांनी ती यंत्राच्या तोंडाशी धरली. वास माझ्या नाकात गेला. यंत्राने कर्कश ओरडायला हवं होतं. ते गप्प. काचेवर शून्य शून्य तसंच.

"आता उभे राहा."

मी उभा राहिलो. सहा-सात सेकंद गेले आणि यंत्र असं काही किंचाळायला लागलं की पलीकडच्या स्टोअरमधून माणसं डोकावली. सावंतबाईंनी बुचाने बाटली बंद केली. त्यांच्या चेहऱ्यावर 'बघा, मी सांगत होते' असलं काही नव्हतं. त्या फक्त माझ्याकडे बघत होत्या, मला समजलं का हे पाहायला.

मला समजलं होतं. 

आता थोडं समजावून सांगतो. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. अंधेरी पूर्वेला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी होती. दुसरा मजला, चाळीसेक माणसं. मी डिझाईन इंजिनिअर. आम्ही कारखान्यांसाठी इलेक्ट्रॉनिक काउंटर, टायमर असलं बनवायचो. मग मुलुंडच्या एका रंग बनवणाऱ्या कारखान्याने विचारलं, की आमची माणसं गाळाच्या टाक्या साफ करायला आत उतरतात, त्यांच्या कमरेला लावता येईल असा गॅसचा अलार्म द्याल का? परदेशातून मागवायचा म्हणजे लायसन्स, परवाने, वर्षभराची वाट. आम्ही हो म्हटलं.

त्या यंत्राचा मेंदू म्हणजे मायक्रोप्रोसेसर. तो ठरवून दिलेली कामं एकापाठोपाठ एक करत राहतो: वायू मोज, आकडा दाखव, जास्त असेल तर ओरड, पुन्हा मोज. पण कधीकधी तो वाट चुकतो. शेजारी मोठी मोटर सुरू झाली, कुठे ठिणगी उडाली, सेल उतरत आले, की भरकटतो आणि काहीच करेनासा होतो. अशा वेळी त्याला 'पहिल्यापासून सुरू कर' असं सांगावं लागतं. त्यासाठी त्याला एक खास पिन असते, रिसेटची. त्या पिनेवरचा व्होल्टेज क्षणभर खाली ओढला की तो सगळं सोडून पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो. हे काम हाताने करायला जे बटण देतात त्याची जोडणी म्हणजे मॅन्युअल रिसेट सर्किट. सगळ्या यंत्रात सर्वांत साधा, सर्वांत कंटाळवाणा भाग. मी तो चहा पिता पिता काढला होता.

सेल काढून घातले तरी यंत्र नव्याने सुरू होतं. पण टाकीच्या जवळ सेलचं झाकण उघडायला बंदी होती, ठिणगी पडायची भीती. त्यामुळे बटण बाहेर हवं. कामगारांच्या हातात जाड रबरी मोजे, म्हणून बटण मोठं हवं. मी ते यंत्राच्या पुढच्या बाजूला, रबराच्या पडद्याखाली दिलं. अंगठ्याने सहज दाबलं जाईल असं. मला त्याचा अभिमान होता.

चूक दोन ठिकाणी होती. बटण दाबलेलं असेतोवर रिसेटची पिन खालीच राहायची, आणि पिन खाली असेतोवर प्रोसेसर झोपलेला. काचेवर आकडा दाखवणारी चिप वेगळी होती, ती शेवटचा आकडा धरून ठेवायची. म्हणजे यंत्र मेलेलं आणि चेहरा जिवंत. हे मला कागदावर माहीत होतं. बटण कोणी कशाला दाबून धरेल, असं मी समजून चाललो होतो.

दुसरी चूक म्हणजे आम्ही सगळ्या चाचण्या उभ्याने केल्या होत्या, नाहीतर खुर्चीवर बसून. परदेशी कॅटलॉगात कमरेला यंत्र लावलेला एक उंच माणूस ऐटीत उभा होता, तोच आमच्या डोक्यात बसला होता. आपल्याकडचा माणूस काम करायला उकिडवा बसतो. भांडी घासायला, फरशी पुसायला, गाळ खरवडायला. बसला की मांडी पोटावर येते आणि मध्ये जे काही असेल ते दाबलं जातं. हे मी रोज माझ्या घरात बघत होतो. चाचणीच्या वेळी ते मला सुचलं नाही. सावंतबाईंना सुचलं.

सुमन सावंत. सगळे त्यांना सावंतबाईच म्हणायचे. मूळच्या मालवणकडच्या, राहायला घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर. नवरा गिरणीत होता, संपानंतर गिरणी उघडलीच नाही. दोन मुली शाळेत. घर बाईंच्या पगारावर चालायचं. शिक्षण सातवी. आमच्याकडे त्या सोल्डरिंगला लागल्या आणि दोन वर्षांत तयार झालेला प्रत्येक पीस तपासायचं काम त्यांच्याकडे आलं. कारण त्यांच्या हातून खराब पीस सुटायचाच नाही.

त्यांचं सोल्डरिंग मी तासन्‌तास बघू शकलो असतो. कथिल वितळून तारेच्या कडेने चढायचं आणि बरोबर जिथे थांबायला हवं तिथे थांबायचं. प्रत्येक जॉइंट चकचकीत, एका मापाचा. बाकीच्या मुली सर्किटचा नकाशा बघून बोर्ड भरायच्या. बाई एकदा बघायच्या, मग नकाशा बाजूला.

त्या दिवशी उभा राहिल्यावर मी विचारलं, "तुम्हाला हे कधी लक्षात आलं?"

"काल. मी पीस तपासताना कमरेला लावते. वापरणारा लावतो तसं लावूनच तपासायचं, नाही का? सोल्डर वायरचं रीळ खाली घरंगळलं, ते उचलायला बसले. तर ठिपका थांबला."

ठिपका केवढा? मोहरीच्या दाण्याहून लहान. रीळ उचलायला बसलेल्या बाईला तो थांबल्याचं दिसलं.

"बटण बदलावं लागेल," मी म्हणालो. "बाजूला न्यावं लागेल. म्हणजे डबीचा साचा बदला."

"साहेब, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांगा ना."

"बटण राहूदे तिथेच. आपल्या काउंटरच्या बोर्डात बटणाच्या वाटेत एक कपॅसिटर असतो. ह्यात नाही. तिथे बटण अडकून बसलं तरी मशीन चालतं."

 काउंटर माझ्या आधीच्या इंजिनिअरने डिझाईन केले होते. मी ते सर्किट कधी नीट बघितलं नव्हतं. बाईंनी त्याचे शेकडो बोर्ड भरले होते.

"मी एक पीस केलाय तसा," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत. स्पेअरचाच बोर्ड होता हां, लॉटमधला नाही."

त्यांनी ड्रॉवरमधून बोर्ड काढला. ब्लेडने तांब्याची एक बारीक रेघ कापली होती, आणि त्या तुटलेल्या वाटेत एक कपॅसिटर उभा केला होता. त्याच्या डोक्यावरून एक रेझिस्टर. इतकं स्वच्छ काम, की ते मुळातच तिथे असावं असं वाटत होतं.

कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी बादली समजा. रिकामी असताना ती वीज आत घेते, भरली की घेणं थांबवते. बटणाच्या वाटेत ती ठेवली की बटण दाबल्याबरोबर क्षणभर वीज वाहते, रिसेटची पिन खाली जाते, आणि बादली भरली की पिन आपोआप वर येते. मग तुम्ही बटण तासभर दाबून धरा. प्रोसेसरला लागते ती फक्त एक टिचकी. तो दचकून उठतो आणि कामाला लागतो.

"हा रेझिस्टर कशाला?" मी विचारलं. मला माहीत होतं. भरलेली बादली तो रिकामी करतो, हे त्यांना माहीत आहे का ते बघायचं होतं.

"तो नसला तर बटण एकदाच चालतं. दुसऱ्यांदा दाबलं तर काही नाही. मागे एक काउंटर परत आला होता, त्यात तो लावायचाच राहिला होता. तेव्हा कळलं."

"आणि कपॅसिटर दहा मायक्रोफॅरड मापाचाच का? एक का नाही?"

"बारक्याने कधी रिसेट होतो, कधी नाही होत. जाड लागतो." मग हसून, जरा लाजून, "माका काय त्यातला हिशेब येणा नाय, साहेब. पण हाताक समाजता."

मी तो बोर्ड माझ्या टेबलावर नेला. ऑसिलोस्कोप लावला. म्हणजे विजेची हालचाल पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र. बटण दाबलं. रेघ सरळ खाली गेली, थोडी थांबली आणि सुंदर वळण घेत वर आली. मी बटण सोडलंच नाही. रेघ वरच राहिली. प्रोसेसर चालू. ठिपका लुकलुकत होता.

मग मी कागदावर गणित केलं. रिसेटच्या पिनेवर आधीच एक कपॅसिटर असतो. बटणाच्या वाटेतला त्याच्यापेक्षा बराच मोठा हवा, नाहीतर पिन पुरेशी खाली जातच नाही. माझं उत्तर आलं सात ते पंधरा मायक्रोफॅरडच्या मध्ये कुठेतरी. मला वीस मिनिटं लागली होती, पदवी माझ्याकडे होती, आणि उत्तर त्या बोर्डावर आधीच उभं होतं.

इंजिनिअर म्हणून माझ्या आयुष्यात मी मोठमोठी यंत्रं पाहिली. त्या दिवशी त्या हिरव्या रेघेकडे बघताना जे वाटलं, ते पुन्हा कधी वाटलं नाही. आपण ज्याला साधं म्हणून सोडून दिलं, त्यात एवढं काही भरलेलं होतं आणि ते एका बाईच्या बोटांना दिसत होतं.

इथवरची गोष्ट मी नेहमी सांगत आलो. फक्त सांगताना सावंतबाई गाळायचो. "आमच्या लक्षात आलं की आपला माणूस उकिडवा बसतो," असं म्हणायचो. टाळ्या पडायच्या.

आता पुढचं.

पहिला लॉट बारा पिसांचा होता आणि चार दिवसांत मुलुंडला जायचा होता. प्रत्येक पिसात कपॅसिटर बसवायला बाईंना अर्धा तास पुरला असता. वेळ होता. पण बदल करायचा म्हणजे चेंज नोट भरावी लागायची, आणि त्या फॉर्मवर 'बदलाचे कारण' असा रकाना होता. मी काय लिहिणार? डिझाईनमध्ये चूक? आदल्याच आठवड्यात आमचे मालक करंदीकर साहेब माझ्याबद्दल सगळ्यांसमोर म्हणाले होते, "नेनेच्या ड्रॉइंगला हात लावावा लागत नाही." मी चौतीस वर्षांचा होतो. ते वाक्य मी घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं होतं.

मी बाईंना म्हणालो, "पुढच्या लॉटमध्ये करू हे."

"पुढच्या?" त्यांना पटेना. "पण साहेब, ह्या लॉटचं यंत्र लावूनच माणूस टाकीत उतरणार ना?"

"ट्रायलवर देतोय आपण. महिनाभर ते नुसतं बघणार आहेत."

हे खोटं होतं. मला माहीत होतं, आणि बहुधा त्यांनाही.

दुसऱ्या दिवशी बारा टेस्ट कार्डं माझ्या सहीसाठी आली. प्रत्येक पिसाचं एक कार्ड असायचं, तपासणाऱ्याची सही, खाली माझी. पहिल्याच कार्डावर शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं: 'खाली बसल्यावर बटण दाबले जाते व अलार्म बंद पडतो.' बाराही कार्डांवर तेच.

मी त्यांना बोलावलं. "बाई, असं लिहिलं तर लॉट अडकेल. नवीन कार्डं करा. शेऱ्यात ओके लिहा."

त्या टेबलासमोर उभ्याच राहिल्या.

"अहो, जबाबदारी माझी. मी आहे ना."

ह्या तीन शब्दांवर त्यांनी नवी कार्डं केली. जुनी मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

दीड महिन्याने मुलुंडहून फोन आला. त्यांच्या सेफ्टी ऑफिसरने जे सांगितलं ते असं. गणपत नावाचा कामगार टाकीत उतरला होता. तळाशी उकिडवा बसून गाळ खरवडत होता. वरच्या माणसाने हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली, नाही. कमरेला दोरी होती म्हणून निभावलं. दोघांनी मिळून ओढायला सुरुवात केली. गणपतचं अंग सरळ झालं, आणि तो दोरीला लोंबकळत अर्ध्यावर आलेला असताना त्याच्या कमरेचं यंत्र किंचाळायला लागलं.

"इतका वेळ गप्प होतं हो," सेफ्टी ऑफिसर म्हणाले. "वर येताना कसं काय ओरडलं?"

 मला एका क्षणात सगळं दिसलं होतं. मी म्हणालो, "बघावं लागेल."

गणपत वाचला. आठवड्याने घरी गेला. तो कसा आहे हे मी फोनवर आधी विचारलं होतं, एवढं तरी माझ्या बाजूने लिहितो.

तो पीस आमच्याकडे आला. करंदीकर साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "काय रे नेने, काय झालं असेल?"

मी स्क्रूड्रायव्हर शोधू लागलो.

"हे बघ, ड्रॉइंगची चूक निघाली तर वाट लागली आपली. सगळे पीस परत, पुढची ऑर्डर गेली. एखाद्या पिसात काही झालं असेल तर ते समजून घेतील. ड्राय सोल्डर असू शकेल का?"

ड्राय सोल्डर म्हणजे वरून जोडलेला दिसतो पण आतून धड चिकटलेला नसतो असा सांधा. हलवलं की सुटतो, पुन्हा हलवलं की जुळतो. गप्प यंत्र मध्येच बोलायला लागलं, याला ते कारण चपखल बसत होतं.

मी पीस उघडला. भिंगाखाली धरला. रिसेटच्या बटणाचे दोन्ही सांधे आरशासारखे चमकत होते. मी तो बोर्ड वरून खालपर्यंत तपासला. दीडशेच्या वर सांधे असतील. एकाला नाव ठेवता येईना. इतकं निर्दोष काम हातात धरून मी म्हणालो, "असू शकेल."

रिपोर्ट मी लिहिला. 'रिसेट बटणाजवळ ड्राय सोल्डर जॉइंट. असेंब्ली व तपासणीतील त्रुटी.' माझ्या अक्षरात, माझ्या सहीने.

दुपारी करंदीकर साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो. साहेबांनी रिपोर्ट वाचून दाखवला. टेस्ट कार्ड पुढे केलं. "सही तुमची आहे ना, बाई?"

"हो, माझीच."

"ओके लिहिलंय तुम्ही."

"साहेब, सांधा सुटलेला नसणार. माझा नाही सुटत." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ते बसल्यावर बंद पडतं. मी पहिल्या कार्डावर लिहिलं होतं तसं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "नेने साहेबांकडे आहेत ती कार्डं. ते सांगतील."

करंदीकर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. कार्डं त्या वेळी पंधरा पावलांवर माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या अचंबित झाल्या होत्या, हातातलं चांगलं चालणारं मीटर अचानक चुकीचा आकडा दाखवायला लागावं तशा. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "बरं," आणि बाहेर गेल्या.

महिनाअखेरीस त्यांना काढलं. जाताना त्यांनी आपलं बेंच पुसलं, सोल्डरिंग आयर्नचं टोक साफ करून स्टँडवर ठेवलं आणि शेजारच्या मुलीला तिच्या कामातली एक चूक दाखवली. मी काचेआडून बघत होतो.

उरलेले अकरा पीस मी 'सोल्डर तपासायला' म्हणून परत मागवले आणि प्रत्येकात बाईंचा कपॅसिटर बसवला. स्वतःच्या हाताने. सांधे त्यांच्यासारखे जमले नाहीत. पुढच्या लॉटच्या ड्रॉइंगवर ते सर्किट आलं, कोपऱ्यात 'डिझाईन: नेने' असं. ते यंत्र आम्ही पुढे कितीतरी वर्षं विकलं. बसल्यावर मुकं झालं अशी तक्रार एकदाही आली नाही. मी मॅनेजर झालो.

सात-आठ वर्षांनी मी असल्फ्याला गेलो. पत्ता पर्सोनेलच्या जुन्या फाइलमधून काढला होता. टेकडीवरच्या गल्लीत विचारत गेलो, तर पोरीसोरीसुद्धा सांगत होत्या, "रेडिओवाल्या सावंतकाकू ना? वर, नळाच्या पुढे."

खोलीच्या दारातच बाई उकिडव्या बसून एका टेपरेकॉर्डरमध्ये डोकं घालून होत्या. भिंतीला फळ्या, फळ्यांवर लोकांचे रेडिओ, मिक्सर, एक ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही, प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी. त्यांनी वर बघितलं. ओळखलं.

"या, नेने साहेब. चप्पल राहूदे, या आत."

चहा झाला. धाकटी मुलगी पॉलिटेक्निकला होती, इलेक्ट्रॉनिक्स. थोरलीचं लग्न झालं होतं. नवरा टेकडीखाली एका सोसायटीत वॉचमन होता. हे सगळं त्यांनी सरळ सांगितलं. बोलता बोलता टेपरेकॉर्डर उचलून कानाशी नेला, मोटरचा आवाज ऐकला, एका स्क्रूला पाव वळसा दिला. आवाज सुधारला. काय बिघडलं होतं ते मला त्या जागी बसूनही समजलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "आपलं ते बटण आता नीट चालतं ना?"

"चालतं."

"बसल्यावर?"

"बसल्यावरही."

"झालं तर मग," त्या म्हणाल्या, आणि खरंच त्यांचं तेवढ्याने झालेलं दिसलं.

मी मनात वाक्य जुळवून आणलं होतं. येताना बसमध्ये ते पन्नास वेळा म्हटलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा छान होता हो." त्या दारापर्यंत पोचवायला आल्या. मी टेकडी उतरलो.

नंतर दोनदा गेलो. पहिल्यांदा खोलीला कुलूप होतं, गावाला गेल्यात असं शेजारी म्हणाले. दुसऱ्यांदा तिथे दुसरं कुटुंब राहत होतं आणि सावंतकाकू कुठे गेल्या ते कोणाला सांगता आलं नाही. त्यांचं काय झालं, मला माहीत नाही.

ह्या सगळ्यातून शिकायचं ते एवढंच, की यंत्र तपासायचं असेल तर वापरणारा जसा बसतो तसं बसून तपासावं आणि तपासणाऱ्याने लिहिलेला शेरा कधी बदलायला लावू नये. हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक इंजिनिअरला शिकवलं. कुठून शिकलो ते मात्र कोणाला सांगितलं नाही.

बसमध्ये जुळवलेलं वाक्य मोठं नव्हतं. सावंतबाई, तुमचा सांधा पक्का होता. चूक ड्रॉइंगमध्ये होती, ड्रॉइंग माझं होतं, आणि ती कार्डं कुठे आहेत ते मला चांगलं आठवत होतं.